पायाखालचं आवर्तन

लूपर पेडल घ्यायला आलेला गिटारवादक दुकानात पहिला प्रश्न बहुधा मिनिटांचाच विचारतो. यात किती वेळ रेकॉर्ड होतं? पाच मिनिटं, बारा मिनिटं, की तेरा तास? खोक्यावर हाच आकडा ठळक छापलेला असतो, त्यामुळे तसं विचारणं साहजिक आहे. पण जरा हिशेब मांडून पाहा. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत चार मात्रांचा एक बार दोन सेकंदांत संपतो, म्हणजे आठ बारांची कॉर्डची फेरी १६ सेकंदांची. ८० च्या लयीत बारा बारांचा ब्लूज ३६ सेकंदांत फिरून जागेवर येतो. १२० च्याच लयीतल्या तीनतालाला आठ सेकंद पुरतात. चार सेकंदांना एक मात्रा इतका विलंबित एकताल घेतला, तरी त्याचं आवर्तन ४८ सेकंदांचं. बाजारातल्या सगळ्यांत छोट्या पेडलमध्येही हे सारं मावून जागा उरते.

म्हणून माझं सांगणं असं, की लूपर पायावरून निवडावा. त्याला स्विच किती, कोणत्या दाबानं काय घडतं, आणि आपल्याला हवं त्याच क्षणी ते घडतं का, एवढं नीट पाहिलं की निम्म्याहून जास्त निर्णय झाला. बाकीच्या सोयी त्यानंतर.

पेडलचं काम सांगायला सोपं आहे. एकदा दाबलं की रेकॉर्डिंग सुरू होतं, दुसऱ्यांदा दाबलं की वाजवलेला तुकडा पहिल्यापासून फिरायला लागतो. पुढच्या दाबाला त्याच तुकड्यावर नवा थर चढतो. याला ओव्हरडब म्हणतात. तुम्ही थांबवेपर्यंत तो तुकडा फिरत राहतो आणि हात मोकळे होतात.

खरी मेख दुसऱ्या दाबात आहे. नवखा वादक शेवटची मात्रा वाजवून होताच पाय दाबतो आणि लूप अर्ध्या-पाव मात्रेनं तोकडा निघतो. दर फेरीला ठेच लागते आणि ‘पेडल बरोबर नाही’ असं वाटायला लागतं. शेवटची मात्रा वाजल्यावर तिची पूर्ण लांबी सरावी लागते. पाय पडायचा तो पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर. सोळा मोजून सतराव्याला, असं समजा. पहिला दाबही समेवर आणि दुसराही समेवर. ज्याच्या कानावर तबला पडलेला आहे त्याला हे चटकन उमगतं, कारण समेची वाट पाहायची सवय त्याच्या अंगात मुरलेली असते. पायाला मात्र ती वेगळी शिकवावी लागते. त्यातही काही पेडल दाबल्याबरोबर ऐकतात, तर काहींमधली काही कामं स्विच सोडल्यावर होतात. हा फरक कागदावरच्या माहितीत क्वचितच सापडतो. पायाखाली लगेच कळतो.

आणि चूक साचत जाते. आठ सेकंदांच्या लूपमध्ये पाय पन्नास मिलिसेकंद उशिरा पडला, तर एका फेरीत ते जाणवणारही नाही. सोबत मेट्रोनोम किंवा ड्रम मशीन चालू असेल, तर वीस फेऱ्यांत दोघांमध्ये पूर्ण सेकंदाचं अंतर पडलेलं असतं.

आवाज स्वतःवरच फिरवायची कल्पना पेडलच्या आधीची आहे. लेस पॉलनं १९५० च्या दशकात मेरी फोर्डच्या गाण्यावर आणि स्वतःच्या गिटारवर थरांवर थर रचले. पुढे रंगमंचावर टेप मशीन चालवायला त्यानं गिटारवरच एक छोटा डबा बसवला आणि त्याला ‘लेस पॉलव्हरायझर’ असं नाव दिलं. १९६३ मध्ये पॅरिसमध्ये टेरी रायलीनं दोन टेप रेकॉर्डरमधून एकच टेप ओढून नेली. पहिल्यावर ध्वनिमुद्रण होई, टेप दुसऱ्यावर पोचली की तेच वाजे, आणि तो आवाज पुन्हा पहिल्याकडे पाठवला जाई. दोन यंत्रांमधलं अंतर हीच लूपची लांबी. १९७३ मध्ये रॉबर्ट फ्रिप आणि ब्रायन ईनो यांनी याच पद्धतीनं केलेला अल्बम आला आणि गिटारवाल्यांचं लक्ष तिकडे गेलं. इथे आपल्या जिव्हाळ्याचा एक धागा आहे. टेपची वलयं फिरवणारा हाच रायली १९७० मध्ये पंडित प्राणनाथ यांचा शिष्य झाला. प्राणनाथ हे किराणा घराण्याच्या अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शागीर्द. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांमुळे महाराष्ट्राच्या मनात घर केलेलं हेच ते घराणं. एकाच स्वरावर तासन्‌तास रेंगाळण्याची ओढ रायलीला तिकडे घेऊन गेली असावी, असं मला नेहमी वाटतं.

टेपची जागा चिपनं घेतली तेव्हा स्मृती महाग होती. १९९४ च्या लेक्सिकॉन जॅममॅनमध्ये मुळात आठ सेकंद मिळत, वाढवून ३२. १९९९ मध्ये आलेल्या लाइन ६ च्या हिरव्या डीएल४ मध्ये १४ सेकंद. आपण वर मोजलेली आठ बारांची फेरी त्यातही मावत नव्हती. मिनिटांच्या प्रश्नाचं मूळ त्या काळात आहे, आणि त्या काळी तो अगदी रास्त होता. २००१ मध्ये बॉसचा आरसी-२० लूप स्टेशन आला आणि हिशेब मिनिटांत गेला. २००४ मध्ये केटी टन्स्टल बीबीसीवरच्या जूल्स हॉलंडच्या कार्यक्रमात अकाई हेडरश पेडल घेऊन एकटी उभी राहिली. गिटारवरची थाप, खंजिरी, स्वतःचे हुंकार असे एकेक थर तिनं प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत चढवले. लूपर म्हणजे काय हे घराघरांत कळलं ते अशा सादरीकरणांमुळे. एड शीरननं जुलै २०१५ मध्ये लंडनचं वेम्बली स्टेडियम सलग तीन रात्री एकट्यानं, लूपरच्या जोरावर भरवलं. २०१७ च्या नोव्हेंबरात तो मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात गाऊन गेला, आणि आपल्याकडच्या कित्येक पोरांनी हा प्रकार तेव्हा पहिल्यांदा समोरासमोर पाहिला.

आता निवडीकडे. रियाजासाठी हवा असेल तर एका स्विचचा, एका बटणाचा लूपर घ्या, असं मी बेधडक सांगेन. टीसी इलेक्ट्रॉनिकचा २०१३ चा डिट्टो हा त्याचा नमुना. पाच मिनिटं आणि आवाज कमी-जास्त करायचं एकच बटण. शिकण्यासारखं काही उरतच नाही. बॉसच्या आरसी-१ मध्ये बारा मिनिटं आहेत आणि वर दिव्यांचं एक वर्तुळ आहे. लूप कुठवर आला हे ते वर्तुळ दाखवतं. सम जवळ येताना डोळ्यांनी दिसते, हा नवशिक्याला मोठा आधार. रियाज करणाऱ्याला पेडल काढताना विचार करावा लागला की तो कपाटात जातो; साधेपणाचं मोल यासाठी आहे.

रियाजात त्याचं काय करायचं? सर्वांत उपयोगी काम सगळ्यांत साधं आहे. आपलीच दोन मिनिटांची रिदम भरायची, हात बाजूला ठेवायचे आणि ऐकायचं. वाजवताना जे कधीच ऐकू येत नाही, कॉर्ड बदलताना लागणारा तो क्षणभराचा ब्रेक, अपस्ट्रोकला पळणारी लय, ते सगळं समोर येतं. मग त्यावर स्केल, मग सोलो. तीन कॉर्डच्या फेरीवर प्रत्येक कॉर्ड बदलताना तिचाच एखादा स्वर पकडायचा, एवढा एक धडा महिनाभर पुरतो.

आणि ज्यांना आपलं संगीत गिटारवर वाजवायचं आहे त्यांच्यासाठी लूपरमध्ये फार मोठा खजिना आहे. तानपुऱ्यासाठी मोबाइलवर ॲप आहेत, तिथे याची गरज नाही. पण लेहरा! तबलजी ज्यावर एकल वाजवतात त्या चंद्रकंस रागातल्या लेहऱ्यासारखी एखादी सुरावट तीनतालात भरा, समेवर बंद करा, आणि शेजारच्या तबला शिकणाऱ्या मुलाला हाक मारा. किंवा त्याच सोळा मात्रांवर स्वतः तिहाई बांधायला बसा. तिहाई समेवर आली की नाही, याचा निवाडा लूप दर आवर्तनाला करतो, आणि त्यात भिडस्तपणा नसतो. झपताल-रूपकासाठी थोडी वेगळी सोय पाहावी लागते. पेडलमधले तयार ठेके ड्रमसेटचे आणि बहुतांशी चारच्या मापातले असतात. अशा वेळी यूएसबीनं संगणकाला जोडता येणारा पेडल बघावा. बॉसच्या आरसी-५ मध्ये बाहेरून डब्ल्यूएव्ही फाइल चढवता येते आणि ९९ जागा आहेत. तबलजी मित्राकडून वेगवेगळ्या लयींतले ठेके भरून घेतले, तर वर्षाचा रियाज एका डबीत बसतो. तेरा तासांच्या क्षमतेचा अर्थ लागतो तो इथे: एकच लांब लूप कुणी वाजवत नाही, साठवायला मात्र जागा लागते.

कार्यक्रमात गणित बदलतं. एका स्विचच्या पेडलवर थांबवायचं तर दोनदा झटपट दाबावं लागतं. घरात हे चालतं. गाणं नेमक्या समेवर तोडायचं असेल तेव्हा मात्र पहिल्या दाबाला काही पेडल ओव्हरडबमध्ये शिरतात आणि दुसऱ्या दाबापर्यंत सम निघून गेलेली असते. श्रोत्यांना कारण कळत नाही, शेवट ढिसाळ वाटला एवढं नक्की कळतं. म्हणून रंगमंचासाठी थांबवायला स्वतंत्र स्विच हवाच. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या ७२० मध्ये दोन स्विच असतात (नावातला आकडा सेकंदांचा आहे, म्हणजे बारा मिनिटं). आरसी-१ ला बाहेरून जादा स्विच जोडता येतो. डिट्टोला येत नाही. आधी छोटा घेऊन पुढे वाढवायचा विचार असेल, तर मागच्या बाजूचं ते एक भोक फार कामाचं ठरतं.

दुसरा प्रश्न गाण्याच्या रचनेचा. एकाच लूपवर थर चढवत गेलं की गाणं फक्त जाड होत जातं. ध्रुवपद आणि अंतऱ्याच्या कॉर्ड वेगळ्या असतील, तर एका लूपमध्ये दोन्ही बसत नाहीत. दोन ट्रॅक लागतात. आरसी-५०० मध्ये दोन आहेत, आरसी-६०० मध्ये सहा ट्रॅक आणि नऊ स्विच. नऊ स्विच पाहून हुरळून जाऊ नका. प्रत्येक स्विच म्हणजे गाता गाता पायानं लक्षात ठेवायची एक गोष्ट, आणि चेहऱ्यावर त्याचा ताण दिसता कामा नये. गाणाऱ्याला आवाजाचाही लूप करायचा असेल तर माइकची एक्सएलआर जोडणी असलेलाच पेडल लागेल, आणि कंडेन्सर माइक असेल तर ४८ व्होल्टचं फॅंटम पॉवरही. माइकचा लूप भरताना मंचावरचे बाकीचे आवाजही त्यात शिरतात आणि फेरीमागून फेरी ऐकू येत राहतात. त्यामुळे गोव्याच्या किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये, जिथे पाठीमागे मिक्सर गरगरतो, तिथे माइक तोंडाशी ठेवून भरायचं आणि लगेच बंद करायचं.

सोबत ड्रमर असेल तर आधी हे ठरवा, की कुणी कुणाच्या मागे जायचं. लूप माघार घेत नाही. ड्रमरच्या कानात लूप स्पष्ट पोचला पाहिजे, नाहीतर दुसऱ्याच मिनिटाला दोघांची लय फाटते. पेडलमधला ठेका चालू ठेवून भरलं, तर काही पेडल लूपचं टोक आपोआप बारवर ओढून बसवतात. एकल वादकाला ही सोय वरदान. रुबाटोत, मोकळ्या लयीत वाजवणाऱ्याला ती बंद करता आली पाहिजे.

पेडलबोर्डवर लूपरची जागा शेवटी. आधी ओव्हरड्राइव्ह, मग कोरस वगैरे, मग लूपर. म्हणजे पहिला थर स्वच्छ आणि दुसरा थर डिस्टॉर्शनचा, असं करता येतं. लूपर आधी आणि ड्राइव्ह नंतर ठेवला, तर ड्राइव्ह चालू करताच आधीचे सगळे थरही घुसमटतात. अॅम्पमधलंच डिस्टॉर्शन वापरणाऱ्यांची तीच गत होते. अॅम्पला इफेक्ट्स लूप असेल तर पेडल तिथे लावावा. ध्वनीची भर पडत जाते हेही लक्षात असू द्या. पहिला थर खालच्या दोन तारांवर, दुसरा वरच्या तारांवर आणि किंचित हळू आवाजात, तिसऱ्यासाठी मधली जागा मोकळी. चार थर सारख्याच जोरात एकाच सप्तकात वाजवले, तर महागातला पेडलही त्याचा चिखल करतो.

विजेबद्दल थोडक्यात. हे पेडल ९ व्होल्टवर चालतात आणि मधल्या टोकाला ऋण ध्रुव असलेला अॅडॅप्टर मागतात. घरातला कुठलाही अॅडॅप्टर खुपसू नये. डिजिटल पेडल एकाच वायरवरून बाकीच्या पेडलांसोबत जोडला की अॅम्पमधून बारीक शिट्टी येऊ शकते. प्रत्येक पेडलला स्वतंत्र वीज देणारा पॉवर सप्लाय घेतला की ती थांबते.

दुकानात जाताना आपली गिटार न्या आणि कार्यक्रमात घालता तेच बूट किंवा चपला घालून जा. जाड तळव्याखाली छोट्या पेडलचा स्विच आणि बटण एकदमच दबतं. मोबाइलवर क्लिक लावा, आठ बार भरा आणि हात काढून दहा फेऱ्या ऐका. जोड ऐकू येतो का, क्लिक सुटते का, ते पाहा. मग उभं राहून, एखादी ओळ गाता गाता लूप समेवर तोडून बघा. दुकानदार घाई करू लागला तरी हे दोन-तीनदा करा, आणि शेजारच्या दुसऱ्या पेडलवरही तेच करून पाहा.