श्रीरामपूरचा गोलंदाज, वुस्टरशायरच्या कामावर

क्रिकेटवर बोलायला कामगार संघटनेतला माणूस कशाला, अशी शंका काही श्रोत्यांच्या मनात आली असेल. आमचे उत्तर साधे आहे. धंदेवाईक खेळाडू हा अंगमेहनतीवर पोट भरणारा माणूस आहे. त्याचा हंगाम असतो, करार असतो, आणि अंग साथ देईनासे झाले की त्याला कोणी विचारत नाही. परमुलखात जाऊन एका हंगामाचे काम करणे म्हणजे काय, हे बीड जिल्ह्यातल्या माणसांना निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून आम्ही आज झहीर खान या गोलंदाजाच्या 2006 सालच्या इंग्लंडमधल्या हंगामाची हकिगत सांगणार आहोत.

झहीरचा जन्म 7 ऑक्टोबर 1978 चा, श्रीरामपूरचा. श्रीरामपूर म्हणजे अहिल्यानगर, पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातला साखरेचा मुलूख. आपल्या टोळ्यांच्या पायाखालची वाट. तिथून हा मुलगा मुंबईस गेला आणि नॅशनल क्रिकेट क्लबात सुधीर नाईक यांच्या हाताखाली आला. पुढे मद्रासच्या एमआरएफ संस्थेत वेगवान गोलंदाजीचे शिक्षण झाले. मुंबईच्या संघात जागा मिळणे कठीण, तेव्हा तो बडोद्याकडून खेळू लागला. 2000 च्या नोव्हेंबरात ढाक्याला पहिली कसोटी, 2003 च्या विश्वचषकात 18 बळी. इथवरची कथा चढती आहे. पुढे दुखापती सुरू झाल्या, इतर तरुण गोलंदाज पुढे आले, आणि 2005 च्या अखेरीस मंडळाने त्याला करारात 'ब' श्रेणीतून 'क' श्रेणीत उतरविले. काही काळाने संघातली जागाही गेली. वय अवघे सत्तावीस.

अशा वेळी त्याने वुस्टरशायरचे काम पत्करले. इंग्लंडात काउंटी म्हणजे परगणा; परगण्यापरगण्याचे क्लब आपसांत एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत झुंजतात. 2006 साली प्रत्येक संघाला चार-चार दिवसांचे सोळा सामने होते, शिवाय एकदिवसीय व वीस षटकांचे निराळे. सामना संपला की सामान गाडीत टाकायचे आणि दुसऱ्या गावी निघायचे. प्रेक्षक थोडे, हवा गार, कधी पाऊस. हे काम नामांकित खेळाडूला कमीपणाचे वाटण्यासारखेच होय! परंतु ज्याचा हात बिघडला आहे त्या कारागिराला रोज भरपूर काम मिळणे यासारखे दुसरे औषध नाही. भारतीय संघाबरोबर बाकावर बसून गोलंदाजी सुधारत नसते.

वुस्टरशायर हा 1865 सालचा क्लब. त्याचे मैदान सेव्हर्न नदीच्या काठी, समोर मोठे चर्च. नदीला पूर आला की मैदान पाण्याखाली जाते. परदेशी माणसाला जवळ करण्याची या क्लबाची जुनी ओळख आहे. दक्षिण आफ्रिकेत ज्याला कातडीच्या रंगामुळे देशाच्या संघाची दारे बंद होती तो बेसिल डॉलिव्हेरा 1964 पासून याच क्लबाकडून खेळला, आणि 1968 मध्ये त्याची इंग्लंडच्या संघात निवड झाली म्हणून दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने तो दौराच होऊ दिला नाही.

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. 1962 च्या हंगामापर्यंत इंग्रजी क्रिकेटात हौशी 'जंटलमन' आणि मजुरीवर खेळणारा 'प्लेअर' अशा दोन जाती होत्या. ड्रेसिंग रूम पुष्कळ ठिकाणी वेगळी, छापील यादीत नावाची अद्याक्षरे लिहिण्याची रीतसुद्धा वेगळी! भेद मिटला, तरी पगार क्लब म्हणेल तोच राहिला. शेवटी 1967 साली फ्रेड रम्झी या गोलंदाजाने पुढाकार घेऊन व्यावसायिक क्रिकेटपटूंची संघटना उभी केली. हा रम्झीही झहीरसारखाच डावरा वेगवान गोलंदाज, आणि काही वर्षे वुस्टरशायरकडूनच खेळलेला. पुढे इंग्लंडात येणाऱ्या खेळाडूंना किमान वेतनाची आणि विम्याची जी काही पाठराखण लाभली, तिच्यामागे ही संघटना आहे. आपल्याकडे 2019 मध्ये मंडळाने खेळाडूंच्या संघटनेला मान्यता दिली खरी, परंतु ती निवृत्तांची.

तुलना करायची तर ऊसतोडीशी करू. आपल्याकडे एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घ्यायची, दसरा-दिवाळीच्या सुमारास निघायचे, टनावर मजुरी, आणि पट्टा पडल्यावर हिशेबात बाकी निघालीच तर ती पुढल्या वर्षाच्या डोक्यावर. कराराचा कागद कोणाच्या हाती असतो हे विचारू नका. आम्ही वर्षानुवर्षे तोच मागत आहोत. झहीरने श्रीरामपूर सोडून परमुलखात हंगाम केला, पण त्याच्या करारात त्याचे नाव होते आणि परतताना त्याच्या अंगावर बाकी नव्हती.

आता त्या हंगामाकडे वळू. पहिल्याच सामन्यात सॉमरसेटविरुद्ध त्याने दहा बळी घेतले. वुस्टरशायरकडून पदार्पणातच असे शंभरांहून अधिक वर्षांत कोणी केले नव्हते. जूनमध्ये एसेक्सच्या एका डावातले पहिले नऊही गडी त्यानेच टिपले. दहावा झेल यष्टिरक्षकाच्या हातून सुटला आणि 138 धावांत 9 असा आकडा कागदावर राहिला. हंगामाअखेर 78 बळी झाले आणि संघ दुसऱ्या गटातून पहिल्या गटात गेला.

आकड्यांहून महत्त्वाचे आहे ते कामाच्या पद्धतीतले बदल. त्याने आपली धाव आखूड केली. सोळा सामने पळायचे तर पायातली ताकद जपून वापरावी लागते. इंग्लंडात ड्यूक्सचा चेंडू असतो. त्याची शिवण हातशिलाईची, ठसठशीत, आणि ढगाळ हवेत तो पुष्कळ वळतो. मात्र वळतो म्हणून बळी मिळत नाहीत. टप्पा एका जागी ठेवणे, उजव्या हाताच्या फलंदाजापासून चेंडू बाहेर नेता नेता एखादाच आत आणणे, जुन्या चेंडूलाही कामाला लावणे, हे दिवसाकाठी पंचवीस षटके टाकल्यावाचून अंगी भिनत नाही.

2006 च्या अखेरीस तो दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर भारतीय संघात परतला. पुढच्या जुलैत नॉटिंगहॅमच्या ट्रेंट ब्रिज मैदानावर त्याने पहिल्या डावात 59 धावांत 4 आणि दुसऱ्यात 75 धावांत 5 गडी बाद केले. कोणी इंग्रज खेळाडूने खेळपट्टीवर गोळ्या टाकून त्याला डिवचले होते. उत्तर चेंडूने मिळाले. भारताने सामना सात गड्यांनी जिंकला आणि 1986 नंतर प्रथमच इंग्लंडात मालिका जिंकली. मालिकेत झहीरचे बळी 18.

त्याच्याहून वेगवान गोलंदाज भारताला पुढे मिळाले. पण 2011 चा विश्वचषक आठवा: 21 बळी, शाहिद आफ्रिदीच्या जोडीने स्पर्धेत सर्वाधिक. 2014 च्या फेब्रुवारीत वेलिंग्टनला तो शेवटची कसोटी खेळला, तेव्हा 92 कसोट्यांत त्याचे 311 बळी झाले होते.