वर्दी उतरली, हत्यार राहिलें

चोरास पकडणारा पोलीस अंमलदार निवृत्त होतो. पण त्यानें पकडलेला चोर वैरांतून निवृत्त होतोच असें नाहीं. तुरुंगाची मुदत भरून बाहेर आलेल्या मनुष्यास आपल्याविरुद्ध साक्ष देणाऱ्याचा चेहरा चांगला आठवतो. ज्यास सरकारनें हें वैर पत्करावयास लावलें, त्यास पेन्शनीचा कागद देऊन निःशस्त्र घरीं पाठविणें न्यायाचें आहे काय? अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या प्रश्नाचें उत्तर २२ जुलै २००४ रोजीं अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनीं सही केलेल्या कायद्यानें दिलें.

तेथें हत्यार झांकून बाळगण्याचे नियम प्रत्येक संस्थानाचे निराळे. एका ठिकाणीं जें कायदेशीर, तेंच सीमेपलीकडे अपराध ठरे. नव्या कायद्यानें, चांगल्या शेऱ्यानिशीं नोकरींतून बाहेर पडलेल्या अंमलदाराचा हक्क, एका पेढीची हुंडी प्रत्येक पेठेंत वटावी तसा देशभर मान्य केला. आरंभीं १५ वर्षांची नोकरी आवश्यक होती. २०१० च्या दुरुस्तीनें ती १० वर्षांवर आली. जुन्या खात्याचें छायाचित्रासह ओळखपत्र जवळ हवें, दर १२ महिन्यांनीं नेमबाजीची परीक्षा स्वखर्चानें उतरली पाहिजे, अंगांत मद्याचा अंमल नसावा. मशीनगन किंवा आवाज दाबणारें यंत्र यांस सवलत नाहीं. संस्थानाच्या कायद्यानें खासगी जागेच्या मालकास दिलेला मनाईचा अधिकार आणि सरकारी इमारतींतील बंदी, हीं दोन्हीं कायम आहेत.

तरीही न्यू जर्सी संस्थानानें आपला निराळा परवाना सक्तीचा ठेवला. फेब्रुवारी २०२४ मध्यें फिलाडेल्फिया येथील मध्यवर्ती अपील कोर्टानें ठरविलें कीं, देशाच्या कायद्यापुढें ही सक्ती टिकत नाहीं व हा हक्क कोर्टांतून बजावून घेतां येतो.

कोणी विचारील, रात्रीं गल्ला घेऊन घरीं जाणाऱ्या दुकानदारासही भय असतेंच. मग ही सवलत अंमलदारासच कां? आमचें उत्तर असें कीं, अंमलदाराचें भय सरकारी कामांतून उत्पन्न झालें आहे. म्हणून त्याच्या रक्षणाचें ऋण सरकारवर आहे. परंतु ज्यास इतरांहून अधिक मिळतें, त्याची पारखही इतरांहून अधिक कडक असली पाहिजे.

येथेंच कायद्यांत दोन उणीवा दिसतात. पात्र अंमलदारास ओळखपत्र द्यावेंच, असा हुकूम त्यांत खात्यांस नाहीं. म्हणजे तीस वर्षें इमानानें चाकरी केलेल्या मनुष्याचा हक्क जुन्या वरिष्ठाच्या मर्जीवर अडकूं शकतो. दुसरी उणीव याहून गंभीर आहे. हाताची परीक्षा दरवर्षीं होते, मनाची होत नाहीं. नोकरी सुटतांना खात्याच्या वैद्यकीय तज्ज्ञानें मानसिक कारणास्तव अपात्र ठरविलें नसेल, तर पुढें वार्धक्यानें विवेक मंदावला कीं काय, हें पाहण्याची सोय कायद्यांत नाहीं. नेम अचूक असणें आणि नेम केव्हां धरूं नये हें कळणें, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

उपाय कठीण नाहीं. खात्यानें ठराविक मुदतींत ओळखपत्र द्यावें, नाकारल्यास लेखी कारण द्यावें. आणि नेमबाजीच्या जोडीस ठराविक काळानें वैद्यकीय तपासणीही असावी. ज्यानें लोकांचें रक्षण केलें त्यास हक्कासाठीं कोणाची मनधरणी करावी लागूं नये. आणि रस्त्यानें जाणाऱ्या निरपराध मनुष्यासही, शेजारच्याच्या कोटाखालील हत्यार शहाण्या हातीं आहे, असा भरंवसा असावा.