पेटी येण्याआधीचा मध

अकोले तालुक्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या रांगांत जांभूळ, हिरडा फुलतो. कारवी तर साधारण सात वर्षांनी एकदाच!

इथली आग्यामाशी कड्यावर एकच उघडं पोळं बांधते. ती माणसाने ठेवलेल्या मधपेटीत राहत नाही. सातेरी माशी मात्र झाडाच्या ढोलीत, अंधारात समांतर पोळी रचते. पूर्वी धूर करून पोळं कापायचं आणि फडक्यातून पिळायचं. त्यात अंडी-अळ्याही चिरडल्या जात.

1851 मध्ये अमेरिकेत मधमाशीपालक लँगस्ट्रॉथ यांच्या लक्षात आलं, की पाऊण-एक सेंटिमीटरची फट माश्या मोकळी सोडतात. त्यातून सुट्या चौकटींची पेटी घडली. मधयंत्रात चौकट फिरवली की मध निघतो, पोळं शाबूत राहतं. सातेरीलाही अशी पेटी मानवते.

मधमाशीपालनासाठी महाबळेश्वरजवळचं मांघर 2022 मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ ठरलं. मध घेताना जरूर विचारा: पिळलेला की यंत्रातला?