भोपळ्यांतला श्वास

घरांतील तरुण मंडळी परदेशी संगीत कानांशीं लावून बसली म्हणजे आम्हां वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठ्या पडतात. परंतु परवां अशाच एका मुलानें आम्हांस आग्रहानें एक अमेरिकन ध्वनिमुद्रण ऐकविलें. ओहायोमधील डेटन गांवच्या ‘गायडेड बाय व्हॉइसेस’ या मंडळीचा ‘बी थाउजंड’ हा १९९४ सालचा गीतसंच. मुख्य गायक रॉबर्ट पोलार्ड हा कित्येक वर्षें शाळामास्तर होता. मोठ्या कंपनीची वाट न पाहतां या मंडळीनें तळघरांत व मोटारखान्यांत, साध्या टेपयंत्रावर गाणीं मुद्रित केलीं. फितीची खरखर तशीच राहिली; तरी गाणीं दूरवर पोंचलीं.

तें ऐकतांना आम्हांस जव्हार-मोखाड्याचा तारपा आठवला. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाचीं पानें आणि मेण, एवढाच त्याचा संसार. वादक नाकानें श्वास घेतां घेतां गालांतील हवा फुंकीत राहतो, म्हणून सूर तुटत नाहीं. भात घरीं आलें कीं स्त्रीपुरुष एकमेकांच्या कमरेस हात घालून त्याच्याभोंवतीं फेर धरतात. तो वळेल तसा फेर वळतो. वारली चित्रांतील वळणदार रांग ती हीच. तें चित्र आपल्या दिवाणखान्यांत केव्हांच लागलें. त्यांतला सूर मात्र आपल्यापैकीं कितीजणांनीं ऐकला आहे?

जव्हार तालुक्यांतील वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांस २०२६ सालीं पद्मश्री जाहीर झाली, तेव्हां त्यांनीं नव्वदी ओलांडली होती. ही विद्या त्यांस वडिलांकडून आली. ती पोथींत नाहीं. ती कानांत व श्वासांत आहे. असा श्वास थांबला, कीं मागें काय उरतें?

याचें उत्तर आपल्याच घरांत आहे. बालगंधर्वांच्या तबकड्या आपण जपून ठेवल्या. त्यांचे गुरु भास्करबुवा बखले १९२२ सालीं निवर्तले. त्यांचें गाणें ऐकावयास मात्र तबकडी मिळत नाहीं. शिष्याचा आवाज उरला, गुरूंचा गेला.

आज ध्वनिमुद्रणाचें यंत्र प्रत्येकाच्या खिशांत आहे. जव्हारास थंड हवा व राजवाडा पाहण्यास जाणाऱ्या आपल्या मंडळींनीं वादकाची परवानगी घ्यावी, त्याचा योग्य मोबदला द्यावा, आणि मुद्रणाबरोबर त्याचें व गांवाचें नांव नीट लिहून ठेवावें. अर्थात् यंत्रांत सूर राहील, फेर राहणार नाहीं. तो टिकावयाचा तर त्या पाड्यांवरील मुलांनींच तारपा हातीं धरला पाहिजे. आणि त्याला मान आहे हें दिसल्याखेरीज तीं तो कां धरतील?

म्हणून त्या मुलास आम्हीं कबूल केलें आहे: यंदा भात कापून झालें कीं त्यास जव्हारास न्यावयाचें. त्याचें गाणें आम्हीं ऐकलें. आतां आमच्याबरोबर त्यानें हें ऐकावें.