घरबांधणी, वीटभट्टी आणि वेठबिगार : कंपनीची जबाबदारी कोठपर्यंत?

दिल्लीत १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी बांधकामे सुरू होती, तेव्हा बांधकाम मजुराचे किमान वेतन दिवसाला ९ रुपये २५ पैसे होते. मजुराच्या हाती मात्र ८ रुपये २५ पैसेच पडत. उरलेला एक रुपया मजूर आणून देणारा जमादार दलाली म्हणून कापून घेई. ‘पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स’ या संघटनेने ही बाब सर्वोच्च न्यायालयापुढे नेली. सप्टेंबर १९८२ मध्ये न्या. पी. एन. भगवती यांच्या खंडपीठाने दिलेला निर्णय या विषयाच्या अभ्यासात आजही पायाभूत मानावा लागतो. भुकेपोटी, दुसरा मार्ग उरला नाही म्हणून माणूस किमान वेतनाहून कमी मोबदल्यात राबत असेल, तर तीही संविधानाच्या कलम २३ ने निषिद्ध ठरवलेली सक्तीची मजुरीच होय, असे न्यायालयाने म्हटले. मजूर कंत्राटदाराचे आहेत, ही मूळ मालकाची सबबही न्यायालयाने मान्य केली नाही.

‘आधुनिक गुलामगिरी’ या संज्ञेत सक्तीची मजुरी, कर्जापोटी वेठबिगार, मानवी व्यापार इत्यादी प्रकार मोडतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात २ कोटी ७६ लाख माणसे सक्तीच्या मजुरीत अडकलेली होती. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्याने ३ कोटी ६० लाख पौंड वा अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांवर दरवर्षी निवेदन प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले. आपल्या व्यवसायात आणि पुरवठा साखळीत गुलामगिरी नसावी यासाठी काय केले, ते त्यात सांगायचे असते. तिथल्या मोठ्या घरबांधणी कंपन्याही यात येतात. गंमत अशी की, ‘आम्ही काहीही केले नाही’ असे लिहून दिले तरी कायद्याची पूर्तता होते! तेव्हा केवळ निवेदनावर विसंबणे कितपत योग्य, हे उघड आहे.

आपल्याकडील परिस्थिती निराळी आहे. बांधकामाच्या जागेवरील मजुरांबाबत कायदा पुरेसा स्पष्ट आहे. कंत्राटदाराने वेतन थकवले तर ते मूळ मालकाने द्यावे, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होते आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेतही ते कायम आहे. परंतु हे उत्तरदायित्व जागेच्या कुंपणापाशी थांबते. वीट, खडी, फरशी ज्या ठिकाणी तयार होते तिथल्या मजुराशी बिल्डरचे कायदेशीर नाते उरत नाही. तिथे केवळ खरेदी-विक्री असते. आणि वेठबिगार सर्वांत खोल रुजलेली आहे ती नेमकी तिथेच.

वीटभट्टीचा हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू होतो, पण मजुराचा व्यवहार त्याआधीच ठरलेला असतो. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, सण तोंडावर असतात, आजारपण असते. अशा वेळी मुकादम उचल देतो. रायगड-ठाण्याकडील कातकरी तिला ‘बयाना’ म्हणतात. ओडिशातील बलांगीर-नुआपाडा भागातून हैदराबादच्या परिसरातील भट्ट्यांवर येणाऱ्यांच्या बाबतीत हाच प्रकार ‘दादन’ नावाने ओळखला जातो. उचल दिली जाते ती कुटुंबाला किंवा जोडीला. नवरा-बायको मिळून माती कालवतात, विटा थापतात. मुले कच्च्या विटा पलटतात. हिशेब हजार विटांमागे आणि तोही एकाच पुरुषाच्या नावे होतो, त्यामुळे स्त्री आणि मूल हजेरीपुस्तकात दिसतच नाहीत. आठवड्याला खावटी मिळते, बाकीचा हिशेब हंगामाअखेर. अवकाळी पावसाने कच्च्या विटा विरघळल्या तर त्यांची मजुरी बहुधा बुडतेच. उचल फिटली नाही की ती पुढच्या वर्षावर जाते. कर्ज फिटेपर्यंत दुसरीकडे जाता येत नाही, आणि त्या कर्जाची वही मुकादमाच्या हाती असते.

भट्टीवर जाण्याचे टाळले तर काय होऊ शकते, हे डिसेंबर २०१३ मध्ये दिसले. ओडिशाच्या कालाहंडी जिल्ह्यातील दोन मजुरांचे उजवे हात उचलीच्या वादातून तोडण्यात आले.

यावर कंपनी काय करू शकते? पुरवठादाराकडून ‘आमच्याकडे वेठबिगार नाही’ असे सहीनिशी लिहून घेणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत निरुपयोगी उपाय. त्याहून अर्थपूर्ण आहे तो दराचा हिशेब. हजार विटांचा जो दर कंपनी मोजते, त्यात दोन प्रौढ माणसांचे किमान वेतन बसते का? बसत नसेल, तर वेठबिगार त्या खरेदीच्या दरातच धरलेली आहे. दुसरी बाब देयकांची. बिले महिनोन्‌महिने थकवणारी कंपनी कंत्राटदाराला मजुरी रोखून धरण्यास अप्रत्यक्षपणे भागच पाडते. भट्टीवर प्रत्यक्ष जाऊन मजुरांशी, तेही मुकादमाच्या माघारी आणि त्यांच्याच भाषेत बोलणे, स्त्रीची मजुरी तिच्याच खात्यात जाते का हे पाहणे, ओळखपत्रे कोणाच्या ताब्यात आहेत याची विचारणा करणे, ही कामे खर्चिक नाहीत. वाणिज्य किंवा स्थापत्य शाखेच्या विद्यार्थ्यांकडून हजेरीपत्रक आणि वीटखरेदीचे बिल शेजारी ठेवून असा हिशेब करून घेणे वर्गातही सहज शक्य आहे.

प्रकरण उघडकीस आले की मागणी तात्काळ रद्द करून मोकळे होण्याकडे कंपन्यांचा कल असतो. त्याने कंपनीची अब्रू वाचते, पण मजूर कर्जासह रस्त्यावर येतो. १९७६ च्या वेठबिगार पद्धती (निर्मूलन) कायद्याने असे कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपुष्टात आणली आहे. ते वेठबिगारीचे कर्ज नाही हे सिद्ध करण्याचा भारही त्याने धनकोवर टाकला आहे. म्हणून प्रथम जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे आणि मजुराला मुक्ती प्रमाणपत्र मिळेपर्यंत पाठपुरावा करणे आवश्यक ठरते. २०१६ च्या केंद्रीय योजनेत प्रौढ पुरुषाला १ लाख, स्त्रिया व बालकांना २ लाख आणि अतिगंभीर प्रकरणी ३ लाख रुपये साहाय्याची तरतूद आहे. हे प्रमाणपत्र हाती नसेल, तर पुढच्या पावसाळ्यात तोच मुकादम तीच वही घेऊन दारात उभा राहतो.