तळघरातला नळ कुठला?

जुन्या घराच्या तळघरात भिंतीतून किंवा फरशीखालून डोकावणाऱ्या नळाची ओळख चार गोष्टींवरून पटते: तो कशाचा आहे, त्याचे सांधे कसे आहेत, त्याला उतार आहे की नाही आणि त्यातून येणारे पाणी कुठले आहे. ओळख पटण्याआधी नळ तोडू नये आणि त्याचे तोंडही बुजवू नये. वाट बंद झालेले पाणी जोत्याखाली मुरते आणि मातीच्या बांधणीच्या भिंतीला ओल धरते.

अहिल्यानगर शहरात या प्रश्नाला पाच शतकांचा इतिहास आहे. अहमद निजामशहाने पंधराव्या शतकाच्या अखेरीस वसवलेल्या या शहराला शेंडी, वडगाव, कापूरवाडी अशा आसपासच्या गावांकडून भूमिगत नळांनी पाणी आणले गेले. पाण्याचा उगम शहरापेक्षा उंचावर असल्याने कोणत्याही यंत्राशिवाय ते बागा, महाल आणि हौदांपर्यंत पोहोचत असे. हश्त बिहिश्त बागेचे पाणी शेंडी आणि वडगावकडून येई. जुन्या वस्तीत खोदकाम करताना या व्यवस्थेचे खापरी नळ आजही लागतात.

खापरी नळ जवळून पाहिला की लगेच ओळखता येतो. तो भाजक्या मातीचा, विटकरी रंगाचा आणि झिलई नसलेला असतो. चाकावर घडवताना कुंभाराच्या बोटांनी उमटलेली वळी आतल्या बाजूला दिसतात. एका तुकड्याचे निमुळते तोंड पुढच्या तुकड्याच्या रुंद तोंडात बसवून सांधा चुन्याने भरलेला असतो आणि बहुधा सगळा नळ चुन्याच्या जाड थरात गाडलेला असतो. दख्खनच्या बेसाल्ट खडकातले पाणी क्षारयुक्त असल्याने आत पांढरट पुटे चढतात. अशी स्वच्छ पांढरी पुटे असतील तर तो नळ पिण्याच्या पाण्याचा असण्याची शक्यता मोठी. जुन्या वाड्यांत मैला टोपलीने उचलून नेला जाई, त्यामुळे मूळ बांधणीत मैल्याचा नळ नसेच. सांडपाणी मोरीतून दगडी गटारात जाई.

नंतरच्या काळातले नळ वेगळे दिसतात. तपकिरी, चकचकीत झिलईचा आणि एका टोकाला रुंद गळा असलेला नळ सांडपाण्याचा. काळा, जड आणि आपटल्यावर घणघणणारा नळ बिडाचा. तो पाणीपुरवठ्याचाही असतो आणि मैल्याचाही, त्यामुळे तो वर कुठे जातो हे पाहावे लागते. आटे पाडून जोडलेला अर्धा ते दोन इंची जस्ताचा मुलामा दिलेला नळ पाणीपुरवठ्याचा. ११० मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी नळ बहुधा शौचालयाचा आणि ७५ मिलिमीटरचा न्हाणीचा किंवा पावसाच्या पाण्याचा असतो.

उतारावरून नळाचे काम कळते. सांडपाणी केवळ उताराने वाहते. चार इंची नळाला साधारण ४० फुटांमागे १ फूट उतार देण्याचा रिवाज आहे. दाबाखालच्या नळाला उताराची गरज नसते. तो वर चढतो, खाली उतरतो, काटकोनात वळतो. फरशीत जाळी आणि तिच्याखाली साचलेले पाणी दिसले तर तो नहाणी ट्रॅप. त्यातले पाणी गटारातला वायू अडवून धरते. वापर नसलेल्या तळघरात हे पाणी आटते आणि दुर्गंधी सुटते. अशा वेळी बादलीभर पाणी ओतणे हाच उपाय.

उरतो प्रश्न पाण्याचा. ठिबक नळाला पाणी सुटण्याच्या वेळीच वाढत असेल, तर गळती पाणीपुरवठ्याची. पावसाळ्यात सुरू होऊन हिवाळ्यात आटत असेल, तर ते मुरमातून झिरपणारे भूजल. वरच्या मजल्यावर न्हाणी वापरल्यावर येत असेल, तर सांडपाणी. खात्रीसाठी वरच्या मोरीत खाण्याचा रंग मिसळलेले पाणी ओतून तळघरात रंग उतरतो का ते पाहतात. क्लोरीन तपासण्याच्या ओटी चाचणीत पाणी पिवळे झाले, तर ते शुद्ध करून सोडलेले नळाचे पाणी. मात्र जमिनीतून झिरपताना क्लोरीन नाहीसा होतो, म्हणून रंग न येणे हा पुरावा मानता येत नाही.

ही तपासणी करताना एक धोका कायम लक्षात ठेवावा. सांडपाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने खोल जागी साचतो आणि त्याचे प्रमाण वाढले की नाकाला वासही येईनासा होतो. मिथेन पेट घेतो. म्हणून बंद हौदात, चेंबरमध्ये किंवा भुयारी गटारात उतरू नये आणि तिथे दिवा किंवा काडी पेटवू नये. तळघराची दारे-झरोके आधी बराच वेळ उघडे ठेवावेत.

चालू नळाची दुरुस्ती जाणत्या प्लंबरकडून करून घ्यावी. खापरी नळ किंवा चुन्यातली जुनी पन्हळ आढळली, तर काम थांबवून तिची मोजमापे, दिशा आणि खोली टिपून ठेवावी, छायाचित्रे काढावीत आणि महापालिकेला व शहरातील ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयाला कळवावे. शहराला आता मुळा धरणाचे पाणी मिळते. जुन्या जलव्यवस्थेचा संपूर्ण नकाशा मात्र घरोघरच्या अशाच नोंदींमधून तयार होऊ शकतो, आणि एकदा फोडलेला नळ त्यात पुन्हा दाखवता येत नाही.