सुरुंगांतून रस्ता काढणारे मेजर राणे

मेजर रामा राघोबा राणे यांचा जन्म २६ जून १९१८ रोजी कारवारजवळच्या चेंडिया गावी झाला. वडील पोलीस शिपाई होते. त्यांच्या बदल्यांमागे फिरत मुलाचे शिक्षण झाले. १९३० साली बारा वर्षांचा रामा स्वातंत्र्याच्या चळवळीकडे ओढला जाऊ लागला, तेव्हा सरकारी चाकरीतल्या वडिलांनी धास्तावून बिऱ्हाड पुन्हा चेंडियाला हलवले.

१० जुलै १९४० रोजी राणे बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाले. त्या तुकडीतले सर्वोत्तम रंगरूट म्हणून कमांडंटची छडी त्यांनाच मिळाली. पुढे ब्रह्मदेशच्या आघाडीवर २६ व्या डिव्हिजनने आराकानातून माघार घेतली, तेव्हा बुथिडाँग येथील लष्करी सामग्री नष्ट करण्यासाठी राणे आणि त्यांचे सॅपर, म्हणजे अभियंता दलाचे जवान, मागे ठेवले गेले. त्यांना न्यायला जहाज यायचे होते, ते आलेच नाही. जपानी गस्त असलेली नदी ओलांडून ही माणसे आपल्या डिव्हिजनला येऊन मिळाली. नाईक, हवालदार, जमादार अशा पायऱ्या चढत १५ डिसेंबर १९४७ रोजी ते सेकंड लेफ्टनंट झाले.

काशीद-मुरूडपासून कारवारपर्यंतच्या किनाऱ्याने आणि त्यामागच्या डोंगरपट्टीने सैन्याला पुष्कळ माणसे दिली. रायगडातल्या माणगाव तालुक्याचे यशवंत घाडगे जुलै १९४४ मध्ये इटलीत धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. राणे यांच्या वाट्याला मात्र लढाईनंतरचे दीर्घ आयुष्यही आले.

ही लढाई १९४७-४८ च्या भारत-पाकिस्तान काश्मीर युद्धातली. नोव्हेंबर १९४७ मध्ये राजौरी शत्रूच्या हाती गेली. १८ मार्च १९४८ रोजी झांगर परत मिळाले आणि नौशेऱ्याहून राजौरीकडे कूच ठरली. रस्त्यावर जागोजाग सुरुंग पेरलेले होते, झाडे आडवी पाडलेली होती, मोऱ्या उडवलेल्या होत्या. वाट मोकळी झाल्याशिवाय रणगाडे हलणार नव्हते.

सुरुंग काढणे म्हणजे काय, हे थोडे समजून घेतले पाहिजे. जमिनीत संगीन तिरकी, अगदी हलक्या हाताने खुपसायची. टोकाला काही कठीण लागले की थांबायचे. मग बोटांनी कडेकडेची माती बाजूला करायची. वरच्या भागावर दाब पडता कामा नये. खाली दुसरा सापळा नाही ना, हे चाचपायचे आणि मगच सुरुंग निकामी करायचा. हे सगळे डोक्यावरून मशीनगनच्या गोळ्या जात असताना करायचे. हल्ल्यातल्या शौर्याला आवेशाची साथ असते. सॅपरला आवेश परवडत नाही, त्याचा हात स्थिरच राहावा लागतो. म्हणूनच राणे यांचे धैर्य अधिक अवघड जातीचे मानले पाहिजे.

८ एप्रिल १९४८ रोजी चौथ्या डोग्रा पलटणीसोबत काम सुरू होताच उखळी तोफांच्या माऱ्यात त्यांचे दोन जवान ठार आणि पाच जखमी झाले. जखमींत राणे स्वतः होते. तरीही तुकडी सावरून ते रणगाड्यांजवळच राहिले. दुपारी बारवालीची धार काबीज झाली, पण आसपासचा शत्रू हटलेला नव्हता. राणे पुढे गेले आणि रात्री दहापर्यंत पर्यायी वाट काढत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून दुपारी तीनपर्यंत तेच. त्यानंतर ते सर्वांत पुढच्या गाडीत बसले. अर्ध्या मैलावर चीडची आडवी पाडलेली झाडे लागली. खाली उतरून त्यांनी स्फोटकांनी ती उडवली. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच, पुढे उडवलेली मोरी. सव्वासहाला अंधारून आले, तेव्हा सुरुंगांनी वेढलेल्या पाच प्रचंड झाडांसमोर तांडा थांबला. राणे तेव्हाही हटायला तयार नव्हते. तांड्याच्या सेनानीने मुक्काम केला म्हणून काम थांबले.

१० एप्रिलला पहाटे पावणेपाचला ते पुन्हा त्याच झाडांपाशी होते. साडेसहाला अडथळा दूर झाला, साडेदहापर्यंत पुढचे हजार यार्ड मोकळे झाले. रणगाडे तवी नदीच्या पात्रात उतरून दुपारी दोनला चिंगसला पोहोचले. तिथे मोगलांची जुनी सराई आहे. १६२७ मध्ये काश्मीरहून परतताना वारलेल्या जहांगीर बादशहाची आतडी तिथेच पुरल्याचे सांगतात. राणे मात्र रस्त्यावरच होते. मागून येणाऱ्या रसदीसाठीही वाट हवी, म्हणून रात्री नऊपर्यंत अन्न-विश्रांतीवाचून ते काम करत राहिले. ११ एप्रिलला अकरा वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला आणि १२ एप्रिलला राजौरी मुक्त झाली.

या कामगिरीसाठी राणे यांना परमवीर चक्र मिळाले. त्या युद्धातल्या पाच परमवीरांपैकी युद्धानंतर हयात राहिले ते दोघेच, करम सिंग आणि राणे. या पदकाचा आराखडा सावित्रीबाई खानोलकर यांचा. त्यांचा जन्म स्वित्झर्लंडमधला, वडील हंगेरियन, आई रशियन. लष्करी अधिकारी विक्रम खानोलकरांशी लग्न करून त्या इथल्याच झाल्या. कांस्याच्या चकतीवर मधोमध राजमुद्रा आणि भोवती इंद्राची चार वज्रे त्यांनी योजली.

सुरुंगांशी झुंजण्याची परंपरा राणे यांच्या दलात आधीपासूनच होती. १९४१ मध्ये प्रेमिंद्र सिंग भगत यांनी ॲबिसिनियात चार दिवसांत पंधरा सुरुंगक्षेत्रे साफ करून व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला होता. तेही बॉम्बे सॅपर्सचेच, म्हणजे बॉम्बे इंजिनिअर्सचेच.

१९५५ मध्ये राणे यांचा विवाह झाला. माहेरच्या लीला सासरी राजेश्वरी झाल्या. चार अपत्यांचा संसार त्यांनी केला. युद्धवृत्तांत पाच वेळा गौरवपूर्ण उल्लेख झालेले राणे १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले. ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

शिपिंग कॉर्पोरेशनच्या एका तेलवाहू जहाजाला त्यांचे नाव दिले गेले. २०२३ पासून अंदमानातले एक बेटही त्यांच्या नावाने ओळखले जाते. कारवारच्या रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावर युद्धनौका संग्रहालयाजवळ त्यांचा पुतळा आहे. कोकणातून गोव्याला उतरणाऱ्यांनी थोडे पुढे जाऊन तो अवश्य पाहावा.